चालक एक, गाड्या तीन आणि मालकही तीन

पश्चिम महाराष्ट्रातील एका नदीकाठच्या शहरातून हे पत्र आले आहे. पत्रलेखक ६३ वर्षांचे असून सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. घरात ते आणि पत्नी असे दोघेच राहतात आणि पत्नी गाडी चालवत नाहीत. दारात मात्र तीन गाड्या आहेत. पहिली रोजच्या वापरातली, एक हजार सीसीच्या आतली हॅचबॅक. दुसरी, तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या मुलाची पुणे पासिंगची डिझेल एसयूव्ही. इंजिन सुरू राहावे म्हणून ती पंधरवड्यातून एकदा गणपतीच्या देवळापर्यंत नेली जाते. तिसरी, सहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. ती महिन्यातून एखादे वेळी बाहेर निघते आणि नात्यातल्या लग्नांत नवरा-नवरीसाठी सजवली जाते. त्या दिवशी भाचा ती चालवतो. तिन्ही गाड्यांच्या विम्यापोटी या वर्षी सुमारे ३६ हजार रुपये गेले. “मी एकटा माणूस एका वेळी एकच गाडी चालवू शकतो, मग तीन गाड्यांचे पूर्ण हप्ते मी का भरायचे?” असा त्यांचा प्रश्न आहे. मुलगा सांगतो की तिकडे चालक पाहून हप्ता ठरतो आणि एका घरातल्या सगळ्या गाड्या एकाच पॉलिसीत बसतात. मेहुण्यांचे म्हणणे असे की ज्या गाड्या हलतच नाहीत त्यांचा विमा मध्येच रद्द करून पैसे परत घ्यावेत. एजंट तिन्ही गाड्यांना ‘फुल इन्शुरन्स’ घ्या म्हणतो. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न हिशेबी माणसाचा आहे आणि तो अगदी रास्त आहे. एका माणसाला दोन पाय म्हणून चपलांचे तीन जोड एका वेळी झिजत नाहीत, हे कोणालाही पटेल. तरीही तुमच्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे आणि आधी त्याकडे पाहावे लागेल. विमा चालवणाऱ्याचा असतो, म्हणून चालवणारा एक तर धोका एक, असे तुम्ही धरून चालला आहात. आपल्या देशात मोटार विम्याची रचना तशी नाही. येथे विमा गाडीचा आणि तिच्या नोंदणीकृत मालकाचा असतो. वैध परवाना असलेला कोणीही मालकाच्या परवानगीने ती गाडी चालवू शकतो आणि त्याचे नाव पॉलिसीत असावे लागत नाही. प्रस्तावाच्या कागदावर तुमच्या घरात किती जण गाडी चालवतात हा प्रश्न बहुधा विचारलाही जात नाही, कारण उत्तर एक असो वा पाच, थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा, हप्ता त्याने बदलत नाही.

मुलाने सांगितलेली गोष्ट खोटी नाही. ती फक्त तिकडची आहे. ब्रिटनमध्ये चालकाचे वय, राहण्याचा पत्ता, पूर्वीचे अपघात आणि परवान्यावरचे दंडगुण पाहून हप्ता ठरतो, अनेक गाड्यांची एकत्र पॉलिसी मिळते, आणि गाडी रस्त्यावर आणणार नसल्याचे रीतसर निवेदन तिथल्या नोंदणी खात्याला दिले की विमा चालू ठेवण्याची सक्तीही राहत नाही. विशेष म्हणजे आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा ब्रिटनच्या १९३० च्या कायद्याच्या वळणावर बेतलेला होता आणि सक्तीच्या विम्याची कल्पना तिथूनच आली. पुढे दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हणून तिकडच्या पॉलिसीचे माप इकडच्या गाडीला लावू नये.

आपल्याकडे १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ असे सांगते की सार्वजनिक ठिकाणी कोणतेही मोटार वाहन तृतीय पक्षाच्या विम्याशिवाय वापरता येणार नाही, आणि दुसऱ्याला वापरू देताही येणार नाही. हा नियम भंग झाल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा झाल्यास ४,००० रुपये दंड, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. पण दंडाची रक्कम ही यातली सर्वांत किरकोळ बाब समजा. विमा नसलेल्या गाडीने कोणी दगावले किंवा जायबंदी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्या खिशातून जाते. मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी थर्ड पार्टी विम्यात कंपनीच्या जबाबदारीला रकमेची कमाल मर्यादा नसते. म्हणजेच विमा नसेल तेव्हा तुमच्या जबाबदारीलाही ती नसते. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ठोक भरपाईच कलम १६४ नुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. तुमची सगळी बचत कितीही काटकसरीने केलेली असली तरी ती एका दुपारी अशा रीतीने जाऊ शकते.

“पण गाडी उभीच असते ना,” असे मेहुणे म्हणतील. त्यांना आपल्याच भागातला एक खटला सांगा. १९८७ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर पहाटे ट्रकशी धडकून रस्त्याच्या खाली कलंडला. चार तासांहून अधिक वेळ तो तसाच पडून होता. गळणाऱ्या पेट्रोलभोवती लोक जमले आणि नंतर झालेल्या स्फोटात त्यांतले काही जण होरपळून मेले. टँकर चालतच नव्हता, तर वाहनाच्या ‘वापरातून’ अपघात झाला असे कसे म्हणायचे, असा बचाव झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि वाहन चालते असतानाच ते वापरात असते असे नाही, उभे किंवा बंद पडलेले वाहनही त्या अर्थाने वापरात असू शकते, असे सांगितले. कुंपणाच्या आत, बंद फाटकामागे, वर्षानुवर्षे न हलणाऱ्या गाडीपुरती मेहुण्यांची गोष्ट कलमाच्या शब्दांत बसेल. तुमच्या गाड्या मात्र देवळाला जातात आणि लग्नाला जातात. एका दिवसापुरता विमा कोणी विकत नाही.

मध्येच रद्द करण्याचा मार्गही वाटतो तितका मोकळा नाही. गाडीची नोंदणी कायम असताना थर्ड पार्टीचा भाग रद्द करायचा, तर ती गाडी दुसरीकडे विमित असल्याचा पुरावा कंपनी मागते. राहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. एसयूव्हीवर आजवर एकही क्लेम झालेला नाही असे तुम्ही लिहिले आहे. सलग पाच वर्षे दावा नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोहोचतो आणि तो याच भागाच्या हप्त्यातून वजा होतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर हा बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढावे लागते. शिवाय खंड पडलेल्या गाडीची आधी तपासणी होते. वर्षभराचे चार पैसे वाचवायला जाऊन पाच वर्षांची पुण्याई गमावण्याचा हा सौदा आहे.

आता हिशेब पाहू. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते, कंपनी नव्हे, आणि ते इंजिनाच्या क्षमतेवर असतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये पडतात. तुमची हॅचबॅक पहिल्या गटात येते. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे असल्यामुळे ती दुसऱ्या गटात जाते आणि एसयूव्ही तिसऱ्यात. तिन्हींची बेरीज १३,४०७ रुपये होते आणि १८ टक्के जीएसटी धरून साधारण १५,८२० रुपये. ही रक्कम कोणत्याही युक्तीने कमी होणार नाही. विंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला या दरात निम्मी सवलत आहे खरी, पण त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटून गेलेली असावी लागतात. १९८४ च्या पद्मिनीला अजून बराच अवकाश आहे. तेव्हा तुमच्या ३६ हजारांपैकी ज्यावर विचार करता येईल ती उरलेली वीस हजारांची रक्कम आहे.

त्या रकमेकडे वळण्यापूर्वी मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबायचे आहे, जे तुम्ही ओघात लिहून गेलात. पद्मिनीची पॉलिसी ‘अजून वडिलांच्याच नावाने एजंट दरवर्षी ऑनलाइन काढतो’, असे तुम्ही म्हटले आहे. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, म्हणून हे वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या प्रतीत मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ताही घेतलेला आहे. म्हणजे सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला गाडी चालवताना अपघात होईल, या शक्यतेसाठी तुम्ही दरवर्षी पैसे भरत आहात. यात तुमची फसवणूक करण्याचा एजंटाचा हेतू असेल असे मला वाटत नाही. संगणकाने मागच्या वर्षीचे नाव पुढे आणले, त्याने बटण दाबले आणि तुम्ही पैसे दिले. पण कागद असा असला की ऐन वेळी तो हातात चुरगळतो.

विमाधारकाचा मृत्यू झाला तर त्याची पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते. त्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी घ्यायची असते. नोंदणीचेही तसेच आहे. मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांच्या आत आरटीओला द्यायची आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतर मागायचे, असा नियम आहे. तुम्हाला सहा वर्षे झाली. उशिराचा भुर्दंड पडेल, पण काम होईल. मृत्यूचा दाखला, आरसी, चालू विमा आणि पीयूसी, आणि तुमची बहीण वारस असल्यामुळे तिची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रे तयार ठेवा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तिची तारीखही याच वेळी पाहून घ्या. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी त्यानंतर आणखी वाढले, त्यामुळे ती तारीख विसरणे आता परवडणारे नाही. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही माझी विनंती आहे की आरसीमध्ये वारसदाराचे नाव नोंदवण्याची सोय २०२१ पासून आहे. ती वापरली तर पुढच्या पिढीच्या आरटीओतल्या फेऱ्या कमी होतील.

तुम्ही स्वतःला ‘एक चालक, तीन गाड्या’ म्हणवता, पण कागदावर पाहिले तर तीन गाड्यांचे तीन मालक आहेत आणि त्यांतला एक हयात नाही, दुसरा परदेशात आहे. तुमच्या अडचणीचे मूळ मला चालकांच्या संख्येपेक्षा इथे अधिक दिसते. एका मालकाच्या अनेक गाड्यांसाठी ज्या सवलती आपल्याकडे आहेत, त्या तुम्हाला याच कारणाने मिळत नाहीत.

त्यातली पहिली सवलत मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची. २०१८ मध्ये विमा नियामकाने याची रक्कम १५ लाख रुपये केली आणि १ जानेवारी २०१९ पासून तो गाडीच्या पॉलिसीतून सुटा घेण्याची मुभा दिली. एका मालकाच्या कितीही गाड्या असोत, असा एकच विमा पुरतो, कारण माणूस एकच असतो. तुमचे मूळ तर्कशास्त्र इथे मात्र कायद्याने पूर्ण मान्य केले आहे. ज्याच्याकडे मृत्यू तसेच पूर्ण आणि अंशतः कायमचे अपंगत्व यांसाठी किमान १५ लाखांचा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आहे, त्याला गाडीसोबतचा हा विमा घ्यावाच लागत नाही. तसे लेखी सांगून पॉलिसीचा क्रमांक द्यायचा. मी तुम्हाला हा दुसरा मार्ग सुचवीन आणि त्याचे कारण नीट समजून घ्या. मालक-चालकाचा विमा तुमच्या स्वतःच्या गाडीतच तुम्हाला उपयोगी पडतो. मुलाच्या एसयूव्हीत तुम्ही मालक नाही, म्हणून तो तिथे लागू होत नाही. थर्ड पार्टीतूनही काही मिळेल अशी आशा धरू नका, कारण गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, त्याला तृतीय पक्ष मानता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात घेतली आहे. देवळाच्या त्या पंधरवड्याच्या फेरीत तुम्हाला स्वतःलाच काही झाले, तर आजच्या तिन्ही पॉलिसींतून काय मिळेल हे मला दिसत नाही. स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा मात्र तुम्ही कोणत्याही गाडीत असा, एसटीत असा किंवा रस्ता ओलांडत असा, तुमच्यासोबत चालतो. वयोमर्यादा आणि अटी कंपनीनुसार बदलतात, म्हणून ६३ व्या वर्षीच तो घेऊन ठेवा. पत्नी गाडी चालवत नसल्या तरी त्याही त्याच गाडीत शेजारी बसतात, हे विसरू नका.

दुसरी सवलत ‘फ्लोटर’ची. जुलै २०२२ मध्ये नियामकाने कंपन्यांना स्वतःच्या नुकसानीच्या भागात तीन नव्या पद्धती आणण्याची परवानगी दिली: जितके चालवाल तितका हप्ता, जसे चालवाल तसा हप्ता, आणि एकाच व्यक्तीच्या मालकीच्या मोटारी व दुचाकी यांची एकत्र फ्लोटर पॉलिसी. मुलाने सांगितलेल्या तिकडच्या पॉलिसीच्या सर्वांत जवळची गोष्ट हीच. पण ‘एकाच व्यक्तीच्या मालकीच्या’ हे शब्द पुन्हा वाचा. तुमच्या बाबतीत आज ती लागूच होत नाही. पद्मिनी तुमच्या नावावर झाल्यावरही इतक्या जुन्या गाडीला फ्लोटरमध्ये घ्यायला कंपनी तयार होईल याची खात्री नाही, आणि झाली तरी दोन गाड्यांसाठी त्याचा फायदा हप्त्याच्या तारखा एक होण्यापलीकडे फारसा नसेल. त्यासाठी जिवाचे रान करू नका.

एसयूव्हीसाठी मात्र ‘जितके चालवाल तितका हप्ता’ हा पर्याय जणू तुमच्याकडे पाहूनच काढला आहे. वर्षाला किती किलोमीटर गाडी चालेल ते आधी सांगायचे आणि त्या टप्प्यानुसार हप्ता कमी होतो. गाडी उभी असतानाची चोरी, आग, पूर यांचे संरक्षण त्यात कायम असते का आणि किलोमीटर ओलांडले तर दाव्याचे काय होते, ही दोन उत्तरे पॉलिसीच्या मजकुरातून घ्या, एजंटाच्या तोंडून नव्हे. मुलगा डिसेंबरात येतो तेव्हा गाडी कोकणात जाऊन येते असे तुम्ही लिहिले आहे. तेवढे किलोमीटर धरूनच टप्पा निवडा. दुसरी बचत स्वेच्छेने उचललेल्या वाट्यातून होऊ शकते. प्रत्येक दाव्यात पहिले ५,००० रुपये मी सोसेन असे लिहून दिले, तर जुन्या टॅरिफच्या, म्हणजे विम्याच्या दरपत्रकाच्या, तक्त्याप्रमाणे स्वतःच्या नुकसानीच्या भागात २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सूट मिळते. क्वचित चालणाऱ्या गाडीला ओरखडे कमी पडतात आणि तिची खरी भीती मोठ्या नुकसानीची असते, म्हणून छोटे नुकसान आपल्याकडे ठेवणे इथे शहाणपणाचे ठरते. हॅचबॅकच्या बाबतीत मी तसे करणार नाही; बाजारपेठेतल्या पार्किंगमध्ये तिला वर्षातून एकदा तरी कोणाचा तरी हँडल लागणारच.

मोठे नुकसान म्हणताना माझ्या मनात काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये सांगली-कोल्हापूरकडे पाणी चढले तेव्हा बुडालेल्या बहुतेक मोटारी कोणी चालवत नव्हते. त्या दारात, तळघरात आणि पार्किंगमध्ये उभ्या होत्या. चालक एकच असण्याचा खरा तोटा अशा रात्री कळतो. पाणी वाढू लागले की एक माणूस एका फेरीत एकच गाडी उंचावर नेऊ शकतो आणि दुसऱ्या फेरीला रस्ता शिल्लक असतोच असे नाही. चालक एक असल्याने टकरीचा धोका विभागला जातो हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण पुराचा, आगीचा, वादळात पडणाऱ्या झाडाचा आणि चोरीचा धोका तिन्ही गाड्यांवर एकाच वेळी असतो. म्हणून नदीकाठी उभ्या असलेल्या एसयूव्हीचा नुकसानीचा भाग काढून तिला नुसत्या थर्ड पार्टीवर ठेवावे, या मताचा मी नाही. उलट इंजिन संरक्षणाची जोड घ्या. पाण्यात उभ्या गाडीचे नुकसान मूळ पॉलिसीत येते, पण पाणी शिरलेले इंजिन कोणी चावी फिरवून सुरू केले आणि ते आतून मोडले, तर ते नुकसान कंपन्या मूळ पॉलिसीत धरत नाहीत. पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका, सर्व्हेअर येईपर्यंत गाडी ओढूनच न्या. हे मी अनेक घरांत सांगून थकलो, तरी उत्साही शेजारी ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणतातच.

पद्मिनीला मात्र एजंटाचा ‘फुल इन्शुरन्स’ मला पटत नाही. त्या शब्दाने ‘सगळे भरून मिळेल’ असा समज होतो आणि इथे तसे काहीच होणार नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यासाठीची किंमत म्हणजे आयडीव्ही ही कंपनी आणि मालक यांनी एकमत होऊन ठरवायची असते. बेचाळीस वर्षांच्या मोटारीला कंपनी जी किंमत देऊ करेल ती ऐकून तुम्हाला वाईटच वाटेल, कारण तुम्ही जपलेली वस्तू वडिलांची आठवण आहे आणि तिचा भाव त्या तक्त्यात नसतो. काही कंपन्या थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी यांचे संरक्षण देतात. ते मिळाले तर घ्या, नाही मिळाले तर थर्ड पार्टीवर थांबा आणि वाचलेले पैसे गाडीखाली चांगल्या उंच चौथऱ्यासाठी वापरा. दीर्घकाळ गॅरेजमध्ये उभ्या ठेवलेल्या, म्हणजे ‘लेड-अप’, वाहनांसाठी जुन्या टॅरिफमध्ये स्वतंत्र तरतूद होती. तुम्ही कधी सहा महिने मुलाकडे जाणार असाल तर कंपनीला आधी लेखी कळवून तिच्याबद्दल विचारा. मात्र त्या काळात भाच्याला किल्ली देऊन जाऊ नका.

एसयूव्हीबद्दल शेवटचा निर्णय विम्याचा नाही आणि तो तुम्ही एकट्याने घेण्यासारखाही नाही. गाडी मुलाच्या नावावर आहे तोवर पॉलिसी त्याच्याच नावाने असली पाहिजे. सोय म्हणून ती तुमच्या नावाने काढली तर दाव्याच्या वेळी आरसी आणि पॉलिसी यांवरची नावे जुळणार नाहीत. ‘तू परत येणार आहेस का,’ हा प्रश्न आईवडिलांना विचारवत नाही आणि मुलाला त्याचे उत्तर देववत नाही, म्हणून अनेक घरांत तो प्रश्न एका झाकून ठेवलेल्या गाडीच्या रूपाने अंगणात उभा राहतो. तुम्ही त्याला तो प्रश्न विचारू नका, गाडीपुरता विचारा. दोन वर्षांत तो येणार असेल तर वर सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा. येणार नसेल तर गाडी विकावी किंवा तुमच्या नावावर करून घ्यावी. दोन्हींत त्याचा नो क्लेम बोनस बुडत नाही, कारण बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. हस्तांतराच्या वेळी कंपनीकडून बोनसचे पत्र घेऊन ठेवले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या त्याच वर्गातल्या नव्या गाडीला तो वापरता येतो. मात्र एकच बोनस एका वेळी दोन गाड्यांना लावता येत नाही. तुमच्या नावावर करून घेतली तर हप्ता कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. हप्त्याचा विभाग नोंदणी कार्यालयावरून ठरत असल्याने पुण्याची पासिंग पुण्याच्याच, म्हणजे महागड्या, विभागात मोजली जाते. माझे स्वतःचे मत विचाराल तर ६३ व्या वर्षी एकट्या माणसाने दोन गाड्यांची राखण पुरे.

आता त्या एका चालकाबद्दल. तीन गाड्यांचे नुकसानीचे दावे एका परवान्यावर टांगलेले आहेत आणि तो तुमचा आहे. पंचावन्न वर्षांपुढे नूतनीकरण झालेला परवाना पाच वर्षांपुरताच असतो. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस तो चालू धरला जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. मुदतीच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ गेला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चालक दोन असते तर एकाचा परवाना संपल्यावर दुसरा चाक हाती घेऊ शकला असता. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून विम्याच्या तीन तारखांच्या वर, कॅलेंडरच्या पहिल्या पानावर, परवान्याची तारीख लाल शाईने लिहा.

आणि खरे सांगायचे तर तुम्ही एकटे चालक नाहीच. लग्नाच्या दिवशी भाचा असतो, डिसेंबरात मुलगा असतो, आणि गॅरेजवाल्याचा पोरगा ‘काका, मी आणून सोडतो’ म्हणतो तेव्हा तोही असतो. या प्रत्येकाच्या हातून काही घडले तरी मालक म्हणून तुमचे किंवा मुलाचे नाव पुढे येईल. लग्नासाठी पद्मिनी देताना कोणी प्रेमाने टाकी भरून दिली तर हरकत नाही, पण ‘भाडे’ म्हणून ठरवून पैसे घेऊ नका. खाजगी मोटारीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही. येत्या मार्गशीर्षात बहिणीच्या घरी लग्न आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी गाडी तुमच्या नावावर करण्याचा अर्ज दाखल झालेला असू द्या, नवी पॉलिसी हाती असू द्या आणि भाच्याचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहा. तो नव्या पिढीचा आहे आणि पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो, तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर तुम्ही शेजारी बसून त्याच्याकडून दोन तास चालवून घ्या.